अठराशे की एक्याऐंशीशे?

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)

धारा काढून झाल्या असतील, डबे गेले असतील. कुणी खुरपत खुरपत ऐकत असाल, कुणी डाळिंबाच्या बागेत. आज मी गणितावर बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे गणित म्हटल्यावर तोंडं कशी होतात ते मला पाठ आहे. पण आजच्या गणितात एका बाईची अब्रू अडकलेली होती, म्हणून ऐका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याकडचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, बाईचं तर नाहीच. बारा जणींचा बचत गट. सचिव होती ती नुकतीच तीन-चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, म्हणून वही तिच्या गळ्यात पडली. बैठकीत पैसे गोळा व्हायचे, ती लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी भिगवणला जाऊन बँकेत भरायची. लिहिणारीही तीच आणि भरणारीही तीच. खरं तर ही दोन कामं दोघींकडे असावीत, पण घरातली कामं टाकून बँकेत जायला तयार कोण असतं?

एका महिन्यात रोख वहीत जमा लिहिली होती २७,४५० रुपये. बँकेच्या भरणा पावतीवर होते २१,१५०. फरक ६,३०० रुपयांचा.

पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. आधी कुजबुज, मग "आमचं काही म्हणणं नाही हो, पण पैसे गेले कुठं?" मग सासूच्या कानावर. मग तिच्या नवऱ्यानं त्याच महिन्यात मोबाइल घेतला होता, ते कुणालातरी आठवलं. पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी कानातल्या कुड्या मोडून पैसे भरते म्हणाली. तिच्या चुलत सासूबाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "बाई, पोरगी पैसे भरायला निघालीये. भरले की चोर ठरली. तुम्ही या."

मी गेले. वही उघडायच्या आधी एक काम केलं. ६,३०० ला नऊने भागलं. नव्वे सत्ते त्रेसष्ट. बरोबर ७०० आले, बाकी शून्य. तेव्हाच मला वाटलं की इथे पैसे गेलेले नसावेत, आकडे उलटे पडलेले असावेत.

आता नऊच का, ते सांगते. इथे जरा लक्ष द्या.

समजा नऊ जणी गोल करून बसल्या आहेत आणि मधे दहा रुपयांची एक नोट आहे. सारखी वाटायची. प्रत्येकीला एक रुपया, आणि एक रुपया उरला. आता शंभराची नोट घ्या. प्रत्येकीला अकरा, नऊ अक्रे नव्व्याण्णव, पुन्हा एकच रुपया उरला. हजाराची घ्या, प्रत्येकीला एकशे अकरा, आणि उरला एक. लाखाची नोट असती तरी एकच उरला असता. म्हणजे नोट दहाची असो, शंभराची असो की हजाराची, नऊ जणींत वाटली की एक रुपया शिल्लक. मग एखाद्या रकमेत किती रुपये उरतील? जितक्या नोटा तितके. आणि नोटा किती? तर रकमेतल्या आकड्यांची बेरीज. ८,१०० म्हणजे आठ हजाराच्या आणि एक शंभराची, एकूण नऊ नोटा. नऊ रुपये उरले, तेही नऊ जणींत एकेक वाटून टाका. म्हणून ८,१०० ला नऊने पूर्ण भाग जातो.

शाळेत आपण "अंकांची बेरीज करा, तिला नऊने भाग गेला तर संख्येला जातो" असं घोकलं, पण का ते कुणी सांगितलं नाही. मीही पहिली कित्येक वर्षं सांगितलं नाही, कारण मलाच नोटांचं सुचलं नव्हतं.

आता पुढची पायरी. १,८०० मध्ये किती नोटा? एक हजाराची, आठ शंभराच्या. तितक्याच, नऊ. आकडे तेच असले की ते कसेही मागेपुढे केले तरी नोटा तितक्याच राहतात, म्हणजे उरणारी बाकीही तीच. आणि दोन रकमांची बाकी सारखी असेल तर त्यांची वजाबाकी केल्यावर बाकी उडून जाते. म्हणून आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातलाच येतो. नेहमी. ४३ चे ३४ झाले, फरक ९. ५२० चे २५० झाले, फरक २७०. एक शून्य जास्त पडलं तरी तेच, ५०० च्या जागी ५,००० लिहिले की फरक ४,५००, तोही नऊच्या पाढ्यातला.

आणखी एक खुबी आहे. ६,३०० ला नऊने भागून ७०० आले ना? त्यातला सात सांगतो की अदलाबदल झालेल्या दोन आकड्यांत सातचा फरक आहे, आणि दोन शून्यं सांगतात की ते शतकाच्या आणि हजाराच्या घरातले आहेत. म्हणजे वहीत मला अशी रक्कम शोधायची होती की जिच्यात हजाराच्या जागी आठ आणि शंभराच्या जागी एक आहे, नाहीतर नऊ आणि दोन, नाहीतर सात आणि शून्य. सगळी वही चाळायचं कारणच नाही. एका पानावर डोळे फिरवायचे.

दोन रकमा सापडल्या. एक होती ७,०००. ती एका मावशींची होती. मी विचारलं, मावशी, हे सातशे होते का? त्या अशा काही उसळल्या! "दोन बोकडं विकून सात हजार भरल्यात. सातशे म्हणती!" माफी मागितली. दुसरी रक्कम होती ८,१००. ती बाई बारामतीला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. फोन लावला, स्पीकरवर. विचारलं, गेल्या महिन्यात कर्जाचा हप्ता किती भरलात? पलीकडून आवाज आला, "अठराशे. का हो?"

बारा जणी अगदी गप्प झाल्या.

अठराशे! म्हणून बघा. जिभेवर आधी काय येतं? "अठ". ऐकणारीनं घाईत आधी आठ लिहिला, मग एक, आणि झाले एक्याऐंशीशे. हा आपल्या मराठीचा स्वभावच आहे. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा आधी सात म्हणतो आणि मग वीस, पण लिहिताना आधी दोन लिहितो. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. बोलणं एका दिशेनं, लिहिणं दुसऱ्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर, स्वतः मोठ्या गणिती. २०२३ साली त्या गेल्या. त्यांचं म्हणणं होतं की लहान मुलं जोडाक्षरांत आणि या उलटसुलट नावांत अडखळतात, आणि मग त्यांना गणितच नकोसं होतं. लोकांनी खूप चेष्टा केली. माझं मत विचाराल तर सत्तावीस हा शब्द माझ्या जिभेवरून जाऊ नये असं मला वाटतं, पण पैशाची नोंद करताना मात्र आकडे एकेक करून म्हणावेत, "एक, आठ, शून्य, शून्य". त्या दिवशी त्या गटात ही पद्धत असती तर पोरीच्या कुड्या मोडायची वेळ आली नसती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फरकाला नऊने भाग गेला म्हणजे सगळं चोख, असं मुळीच नाही. कुणी खरोखर ९०० रुपये उचलले तर ९०० लाही नऊने भाग जातोच. आणि कुठलीही रक्कम घेतली तरी नवांत एकदा भाग योगायोगानं जाणारच. तेव्हा या हिशेबानं कुणी निर्दोष ठरत नाही आणि कुणी दोषीही ठरत नाही. आधी वहीत कुठे बघायचं एवढंच तो सांगतो. आणि भाग गेला नाही तर इतकं कळतं की केवळ एका ठिकाणच्या अदलाबदलीनं हा फरक पडलेला नाही, दुसरं काहीतरी आहे.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. हिशेब तपासण्याला आपल्याकडे ताळा करणं म्हणतात. नवांचा ताळा म्हणजे मोठ्या बेरजेतल्या प्रत्येक रकमेचे नऊ टाकून द्यायचे, उरतील त्यांची बेरीज करायची आणि उत्तराशी जुळते का ते बघायचं. पण या ताळ्याची गंमत अशी की आकड्यांची अदलाबदल त्याला दिसतच नाही. नोटा तितक्याच ना! २७,४५० ची अंकांची बेरीज १८, २१,१५० ची ९, दोन्हीत बाकी शून्य. ताळा म्हणतो सगळं ठीक. म्हणून अदलाबदल पकडायची तर अकराचा ताळा घ्यावा लागतो. उजवीकडून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा मिळवायचा. १,८०० ला येतात सात, ८,१०० ला येतात उणे सात. तिथे चोरी लगेच कळते, म्हणजे आकड्यांची चोरी.

हे तुमच्या रोजच्या वापरातही आहे. आधारचा क्रमांक बारा आकडी. पहिले अकरा आकडे देतात आणि बारावा त्या अकरांवरून हिशेब करून काढलेला असतो. तो ताळ्याचा आकडा. व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ साली ही रीत बसवली. नऊच्या किंवा अकराच्या ताळ्यापेक्षा ती किचकट आहे, ती मी रेडिओवर सांगत बसत नाही. पण तिच्यामुळे आधार क्रमांक टाकताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर संगणक तिथल्या तिथे "क्रमांक चुकीचा" म्हणतो. ऑनलाइन फॉर्म भरणारा पोरगा "घेत नाही मावशी" म्हणतो ना, त्यातल्या कित्येक वेळा एवढंच झालेलं असतं. मात्र आकडे जुळले म्हणजे तो क्रमांक तुमचाच, असं त्या ताळ्याला कळत नाही. फोनवर कुणी तुमचा आधार क्रमांक आणि आलेला ओटीपी मागितला तर ताळा तुम्हाला वाचवणार नाही. तो तुम्हालाच वाचवायचाय.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली, वडील कारकून. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९३० साली नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवलं. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. शाळा सुटली की आकडे घेऊन बसायचे. इथल्या पुष्कळ विद्वानांना ते पोरखेळ वाटायचे. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानं त्यांच्यावर लेख लिहिला आणि मग देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. १९८६ साली ते गेले. आज जगातल्या गणिताच्या पुस्तकांत "कापरेकर संख्या" असं मराठी आडनाव छापतात.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध खेळ आत्ता करून बघू. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. गेलं २०२५ साल घेऊ. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, ५२२०. आता उलटे, ०२२५. वजा करा, ४९९५. याचंही तसंच करा, ९९५४ वजा ४५९९, आले ५३५५. पुढे १९९८. पुढे ८०८२. मग ८५३२. आणि मग ६१७४. आता ६१७४ ला तेच करा, ७६४१ वजा १४६७, आले पुन्हा ६१७४! तिथून पुढे हलायचं नाव नाही. कुठूनही सुरुवात करा, फार तर सात वजाबाक्यांत तिथेच येऊन पडाल. मधे तीन आकडी उत्तर आलं तर पुढे शून्य लावून घ्या, एवढंच. आणि आता तुम्ही हुशार झाला आहात, तेव्हा सांगा, या सगळ्या उत्तरांत काय सारखं आहे? ४९९५, ५३५५, १९९८, सगळ्यांना नऊने भाग जातो. जाणारच. आकडे तेच, जागा बदललेल्या. आपल्या रोख वहीतली चूक आणि कापरेकरांची ६१७४ एकाच घरातल्या.

२०२५ सालाचं आणखी एक. ४५ गुणिले ४५ म्हणजे २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. साल संपलं, पण माझ्या नातवाला मी ते वर्षभर ऐकवलं.

त्यांना ज्या संख्या आवडायच्या त्यांतल्या काहींना त्यांनी हर्षद असं नाव दिलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेनं तिलाच पूर्ण भाग जातो ती हर्षद. १८ घ्या, एक आणि आठ नऊ, नऊ दुणे अठरा, झाली हर्षद. मी हौसेनं बारामतीचा पिनकोड करून बघितला, ४१३१०२. बेरीज ११, भाग जात नाही. मग इंदापूरचा, ४१३१०६. बेरीज १५. शेवटी सहा आहे, म्हणजे पाचनेच जात नाही, तर पंधराने कुठला जाणार? दोन्ही तालुक्यांना सारखाच न्याय. भांडण नको.

आणि आता आजची मोठी पाहुणी. कापरेकरांना डोंबिवली स्टेशनवर काही संख्यांचा विचार सुचला आणि त्या स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटलं. आपण दौंडच्या फलाटावर बारामतीच्या गाडीची वाट बघताना भेळ खातो, त्यांना संख्या सुचत होत्या. त्या डेमलो कुटुंबातली ही एक. कागद घ्या. नऊ वेळा एक लिहा, १११११११११. या संख्येला हिनेच गुणा. घाबरू नका, लहानापासून जाऊ. अकरा गुणिले अकरा, १२१. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा, १२३२१. गुणाकार मांडताना काय होतं ते बघा. एकशे अकराच्या तीन ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. कडेच्या घरात एकच एक येतो, पुढच्या घरात दोन, मधे तीन, मग पुन्हा दोन, एक. बारवेच्या पायऱ्या उतरून पलीकडून चढल्यासारखं. तसंच नऊ एकांचं केलं की उत्तर येतं,

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा आकडे. एकपासून नऊपर्यंत चढत जातात आणि नऊपासून एकपर्यंत उतरतात. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तीच. वाचायची कशी म्हणाल तर आपल्या आजच्या भाषेत एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. दम लागला. जुन्या लोकांना लागत नसे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती ग्रंथ लिहिला, त्यात एकम्, दहम् पासून पुढे कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा घरांची नावं आहेत. आपल्या पाहुणीचा पहिला आकडा सतराव्या घरात, म्हणजे मध्यच्या घरात बसतो. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

आता तिला आपल्या पद्धतीनं तपासू. नोटा किती? एक ते आठची बेरीज ३६, दोन्ही बाजूंची मिळून ७२, वर मधला नऊ, एकूण ८१. मग नऊने भाग जातोच. पण मी म्हणते की ८१ नेही जातो, म्हणजे ही हर्षद आहे. एवढी मोठी संख्या भागत बसायचं का? नाही. चौकोनी शेत समजा. लांबी १११११११११ पावलं, रुंदीही तितकीच. नऊ एकांची बेरीज नऊ, तेव्हा लांबीचे सारखे नऊ भाग पडतात. रुंदीचेही नऊ. नऊ उभे, नऊ आडवे, झाले एक्याऐंशी वाफे, सगळे अगदी सारखे. म्हणजे क्षेत्रफळाला ८१ ने भाग गेलाच की!

एका वाफ्याची बाजू किती? १२३४५६७९ पावलं. म्हणून दाखवा बरं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ. आठ कुठे गेला? आठ नाहीच. नातवंडांना दाखवायला ही संख्या झकास. तिला ९ ने गुणलं की नऊ एक येतात, १८ ने गुणलं की नऊ दोन, २७ ने गुणलं की नऊ तीन. आणि तिला आणखी फोडलं तर ३७ आणि ३३३६६७ या दोन संख्या मिळतात. त्यांना पुढे फोडता येत नाही. डाळीचा दाणा भरडून भरडून शेवटी कणी राहते तशा.

हा पायऱ्यांचा जिना नवापर्यंतच टिकतो बरं का. दहा एक घेतलेत तर मधल्या घरात दहा येतात, हातचा निघतो आणि रांग मोडते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना पुन्हा आठ गायब, आणि मधे दोन शून्यं.

आमच्या शेजारी एक आजी होत्या. सही येत नव्हती, अंगठा लावायच्या. पण पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. साडेतीनाच्या पटीत ज्वारीचा हिशेब त्या आपण मोबाइल काढायच्या आत सांगायच्या. त्यांना मी ही नऊची नोटांची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "मग ते होतंच की. न्हाईतर वाटणी कशी व्हायची?" मला शाळेत कुणी इतक्या लवकर समजून घेतलं नव्हतं.

त्या सचिव पोरीचं पुढे काय झालं, ते विचाराल. वहीत दुरुस्ती केली, इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. वैयक्तिक पासबुकं त्या महिन्यात लिहायची राहिली होती, तीही त्याच बैठकीत बसून लिहिली. ती लिहिली असती तर चूक तिथल्या तिथे दिसली असती. ज्या बाईनं मोबाइलचा विषय काढला होता, ती दुसऱ्या दिवशी पालेभाजी घेऊन तिच्या दारात गेली. काही बोलली नाही, भाजी ठेवून आली. पोरीनं सचिवपद सोडलं. पुष्कळ विनवण्या झाल्या, पण नाही म्हणाली ते नाहीच. कुड्या तिच्या कानात आहेत. आता वही दुसरीकडे आहे, बँकेत तिसरीच जाते, आणि बैठकीच्या शेवटी सगळ्या रकमा एकेक आकडा म्हणत मोठ्यानं वाचतात. मी मधे एकदा गेले होते तेव्हा त्या बोकडवाल्या मावशी वाचत होत्या. सात, शून्य, शून्य, शून्य म्हणताना माझ्याकडे बघून हसल्या.

जाता जाता एक कोडं देते. एका गटाच्या वहीत जमा आहे त्यापेक्षा पेटीत ४५० रुपये कमी निघाले. नऊने भागून बघा. मग वहीत कोणत्या घरातले आकडे बघाल, आणि त्यांच्यात किती फरक असायला हवा? शून्य जास्त पडलं असेल तर कोणती रक्कम शोधाल? बैठकीत सगळ्या मिळून करा. उत्तर पुढच्या वेळी सांगते.